घाटाखालचं थंड स्वागत

राजूरचा घाट उतरताना माणसाला कळतं की हवा म्हणजे काय चीज असते. वर बुलडाण्याला चैत्रातसुद्धा पहाटे अंगावर काहीतरी ओढून घ्यावंसं वाटतं. खाली मोताळ्याकडे आलं की तोच चैत्र कपाळावर तवा ठेवतो. म्हणून आमच्याकडे नवा माणूस भेटला की बाकीचं मागाहून विचारतात, आधी विचारतात, "घाटावरचे का घाटाखालचे?"

आम्ही खालचे. रोहिणखेडच्या अंगाला, पांदीच्या शेवटी, आमचं सावळखेड. दुपारी त्या गावात सावलीसुद्धा भिंतीला पाठ लावून बसते. महाराष्ट्र होऊन दोन-तीन उन्हाळे गेले होते तेव्हाची ही गोष्ट. त्या गावात इंद्रभान इंगळे नावाचा माणूस राहत होता, आणि तो डोळे मिटून इंग्रजी शिकला होता.

खोटं सांगत नाही. मोताळ्याला शिकायला होता तेव्हा त्याच्या मॅट्रिकच्या पुस्तकात शेवटी इंग्रजांच्या म्हणी आणि बोलण्याच्या लकबी दिल्या होत्या. खाली अर्थ होता, पण तोही इंग्रजीतच. म्हणजे कुलपाची किल्ली कुलपाच्या आत. विचारायचं कोणाला? शनिवारी तो पायी गावाकडे निघायचा. रोहिणखेडला जुन्या मशिदीच्या दगडी पायऱ्यांवर टेकायचा. तिथले दगड भर उन्हातही थंड असतात. तो एक म्हण मनात धरायचा, डोळे मिटायचा आणि ती म्हण दिसेपर्यंत वाट पाहायचा.

आणि म्हणी दिसायच्या त्याला. 'हवेत किल्ले बांधणे' वाचलं त्या दिवशी तुरीच्या वावरावर, जमिनीपासून हातभर वर, एक किल्ला उभा राहत गेला. दगडावर दगड, आवाज नाही, गवंडी नाही. वाऱ्यानं तूर हलली की बुरूजही हलायचा. तो किल्ला तो कितीतरी वेळ पाहत राहिला. अर्थ कळला तेव्हा त्याला वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, इतक्या लांबच्या लोकांनाही हे दिसतं तर!

काही म्हणी मात्र दिसूनही कळायच्या नाहीत. 'न्यूकॅसलला कोळसा नेणे' ही त्यातली एक. न्यूकॅसल हे कोळशाचं गाव, म्हणून तिथं कोळसा नेणं हा वेडेपणा, असा अर्थ. मॅट्रिकनंतर नोकरी लागली नाही, तेव्हा तो हंगामात मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायचा. तिथं सरकीच्या ढिगाशी भाकर खाताना त्यानं जोडीदाराला सांगितलं, "म्हंजे समज, आपण खामगावले कापूस नेला."

जोडीदारानं कांदा फोडता फोडता विचारलं, "मंग काय वाईट केलं? कापूस खामगावलेच नेतेत. जिथं ढीग तिथं भाव."

इंद्रभान घास हातात धरून तसाच बसला. माणसाचं म्हणणं खरं होतं. म्हणही खरी होती. पुढं तो नेहमी सांगायचा की म्हणीला जसा अर्थ असतो तसं तिला गावही असतं. तिचं गाव विचारल्याशिवाय ती अर्थ सांगत नाही. हे शहाणपण त्याला त्या कांद्याच्या वासात सापडलं होतं. पण सापडलेलं शहाणपण वेळेवर आठवेलच असं नसतं, ते पुढं येईल.

त्याची इच्छा एकच होती. आमच्या गावच्या शाळेत उभं राहून इंग्रजी शिकवायचं. त्याच शाळेत तो लहानपणी दाराजवळ, वहाणांच्या शेजारी बसून मुळाक्षरं शिकला होता. तहान लागली की कोणीतरी वरून ओंजळीत पाणी ओतेपर्यंत थांबायचा. आता छप्पन साल होऊन गेलं होतं, त्याच्या वस्तीत घरोघरी बुद्धाची तसबीर लागली होती, पोरं वर्गात सगळ्यांच्या रांगेत बसत होती. तरी पाण्याचं पाणी वेगळंच होतं. वस्तीची विहीर वस्तीची, गावाची गावाची. त्यावर कोणी बोलत नसे, इतकंच.

पाचवीपासून इंग्रजी शिकवायची मुभा आली आणि गावात हालचाल सुरू झाली. शिकवणारा मिळत नव्हता. घाटावरचा एक मास्तर आला, आमच्या उन्हात आठवडाभर शिजला आणि घरी लग्न आहे म्हणून गेला तो गेलाच. तेव्हा शाळेचे हेडमास्तर निवृत्ती गुरुजी शाळा समितीच्या हिंमतरावांकडे गेले. हिंमतराव म्हणजे गावातलं मोठं खटलं. मनानं वाईट नव्हते, पण वाडवडलांनी आखलेल्या रेघेवरून पाय उचलायचा तर त्यांना आधी चारी बाजूंना पाहावं लागायचं.

"गावात मॅट्रिक झालेला माणूस बसून हाय, अन् आपण मुलूख धुंडून राह्यलो," गुरुजी म्हणाले.

"बसून कुठी हाय? माह्या वावरात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून राह्यला तो."

"तेच तं म्हन्तो मी. मॅट्रिक झालेल्या माणसाले पऱ्हाट्या उपटाले लावल्या आपण."

"निवृत्ती, मले इंद्रभान्याचं वावडं नाही. पण पोट्टे घरी जाऊन काय सांगतीन? घरच्या बाया काय म्हनतीन?"

"म्हनतीन, पोराले इंग्रजी आलं."

हिंमतराव हसले. मग पानाला चुना लावता लावता त्यांनी निकाल दिला. "बरं. डिपोटी इन्स्पेक्टर येऊन राह्यला नं शाळा तपासणीले? त्यानं याले पास केलं तं माही हरकत नाही. नाही केलं, तं पुन्हा माह्यापुढं याचं नाव घेजो नोको. अन् फळ्यावर स्वागत इंग्रजीतून लिहू दे त्याले. वाजवून पाहू, रुपया खरा का खोटा."

म्हणजे सगळं त्या एका फळ्यावर आलं.

इंद्रभाननं पुस्तकातलं वाक्य काढलं. पाहुण्याचं स्वागत इंग्रज 'वॉर्म वेलकम' म्हणून करतात, ऊबदार स्वागत. दुपारच्या वेळी तो घरात सारवलेल्या जमिनीवर कोळशानं अक्षरं घोटत होता. त्याची बायको जनकाबाई सुपात ज्वारी पाखडत होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण नवऱ्याच्या म्हणी ऐकायला तिला आवडायचं.

"काय लिहून राह्यले जी?"

"साहेबाले म्हन्तो, आम्ही तुमचं गरम स्वागत करतो."

सूप थांबलं. "गरम?"

"तसा रिवाज हाय त्यायचा."

"आता माय! घाट उतरून येईन तो माणूस, सारं ऊन डोक्शावर घेऊन. अन् तुमी त्याले दारातच गरम म्हनसान? मंग चुलीपाशीच बसवा एखांद्या वक्ती."

"पुस्तकात तसंच हाय."

"पुस्तक कोण्या गावचं?"

इंद्रभानच्या हातातला कोळसा जागच्या जागी राहिला. त्यानं डोळे मिटले. त्याला घाटाचं शेवटचं वळण दिसलं. तिथून एक माणूस येत होता, टोपी हातात, सदरा पाठीला चिकटलेला, ओठ सुकलेले. तो दारात आला आणि आतून कोणीतरी म्हणालं, या, गरम व्हा. त्या माणसाचा चेहरा इंद्रभानला पाहवेना. मग त्याच दारात वाळ्याचा वास आला, ओल्या मातीचा गारवा आला, आणि तो माणूस उंबऱ्यावर नुसता उभा राहिला, डोळे मिटून.

थंड. आमच्या बोलीत हा शब्द किती लाडका! हरवलेलं वासरू सापडलं की काळीज थंड होतं. म्हातारी आशीर्वाद देते तीही म्हणते, थंड राहा. इंद्रभाननं कोळशानं 'वॉर्म' खोडलं आणि 'कोल्ड' लिहिलं. म्हणीचं गाव विचारायची त्याची रीत. या वेळी गाव विचारलं खरं, पण विचारलं आपलंच.

जनकाबाईनं नवा माठ काढला. धुतला, भरला, आत वाळा सोडला, वरून ओलं फडकं गुंडाळलं. म्हणाली, "थंड म्हन्ता तं थंड असलं पाह्यजे. तोंडानं म्हनून कसं होईन?"

तपासणीच्या सकाळी तो माठ स्वतः इंद्रभाननं डोक्यावरून शाळेत आणला आणि वर्गाच्या कोपऱ्यात ठेवला.  कोणी त्याच्या जवळही गेलं नाही. माठ कोणाच्या घरचा, हे लहान पोरांनाही ठाऊक होतं.

डिपोटीसाहेब मूळचे पुण्याकडचे, बुलडाण्याच्या गारव्यात मुरलेले. एस.टी.नं मोताळ्यापर्यंत आणि पुढं हिंमतरावांच्या बैलांच्या दमणीत. सकाळची शाळा होती तरी ते पोचेपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं. हिंमतरावांनी घरून पितळी तांब्या दिला होता, तो दमणीत त्यांच्या सोबतच तापत आला होता. साहेबांनी शाळेत बसल्यावर त्यातलं घोटभर पाणी घेतलं, तोंड वाकडं केलं, उरलेल्यानं हात धुतले. मग चष्मा पुसून फळ्याकडे पाहिलं.

'कोल्ड वेलकम.' खडूच्या अक्षरांना वेलबुट्टी काढली होती.

साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "हे कोणी लिहिलं?"

"काऊन साहेब? चुकलं का?" हिंमतरावांनी विचारलं.

"चुकलं? अहो, याचा अर्थ असा होतो की तुम्ही आलात हे आम्हाला मुळीच आवडलेलं नाही. आलात तसे परत फिरा."

हिंमतरावांचा चेहरा उतरला. "इंद्रभान्या! काय बे हे? गावाची इज्जत काहाडली तू!"

निवृत्ती गुरुजींनी मान खाली घातली. मागच्या पोरांना काय झालं ते कळलं नाही, पण काहीतरी झालं हे कळलं. इंद्रभान फळ्याशेजारी उभा होता. त्याच्या बोटांना खडू लागलेला होता.

"साहेब, पुस्तकात वॉर्म होतं," तो म्हणाला. "मी जाणूनबुजून बदललं."

"जाणूनबुजून?"

"बाहेरचं ऊन पाहा साहेब. या उन्हातून आलेल्या माणसाले गरम कसं म्हना?"

साहेबांनी खरोखरच बाहेर पाहिलं. मैदानावर वाफ थरथरत होती. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "तुम्ही बर्फ पाहिलाय का?"

"मलकापूरच्या टेसनावर. भुशात गुंडाळलेला. हातात घेतला तं जाळल्यासारखा लागला."

"तसा बर्फ त्यांच्या दाराशी पडलेला असतो. रस्त्यावर, छपरावर. महिने महिने. थंडीनं माणूस मरतो तिथं. आता तिथल्या पाहुण्याचा विचार करा."

इंद्रभाननं डोळे मिटले. भर वर्गात, साहेबांसमोर. हिंमतरावांनी कपाळाला हात लावला, पण त्याला ते दिसलं नाही. त्याला जिनिंगचं आवार दिसत होतं. कापूस पडलेला, जमिनीवर, भिंतींवर, झाडांवर, सगळीकडे पांढरं आणि निःशब्द. पण तो कापूस थंड होता, पाय जाळणारा. त्यातून एक माणूस येत होता, खांद्यावर पांढरं, भुवयांवर पांढरं, अगदी पाळी संपवून निघालेल्या जिनिंगच्या मजुरासारखा. पुढं एक दार होतं. दार उघडलं. आत चूल पेटलेली होती, आणि चुलीजवळची बाई सरकून त्याच्यासाठी जागा करत होती. ती थोडीशी जनकाबाईसारखीच दिसत होती.

त्यानं डोळे उघडले. "मंग त्यायचं बरोबर हाय साहेब. त्या माणसाले गरमच म्हना लागते."

"सपन पाहून राह्यला हा!" हिंमतराव म्हणाले. "साहेब, मी आधीपासूनच सांगत होतो..."

"थांबा हो. मी फळा तपासायला आलेलो नाही, वर्ग तपासायला आलोय." साहेब खुर्चीत मागे टेकले. "मास्तर, वर्ग घ्या. बर्फाचंच घ्या. 'ब्रेक द आइस', बर्फ फोडणे. या पोरांना समजलं पाहिजे, आणि कधी वापरायचं तेही."

ज्यांनी बर्फ पाहिलाच नाही त्या पोरांना बर्फ फोडायला शिकवायचा!  इंद्रभाननं पोरांचे दोन भाग केले आणि समोरासमोर बसवले.

"हे पोराकडचे, हे पोरीकडचे. सोयरीक जोडाले बसले. कोणाची कोणाशी वळख नाही. बसा चूप."

पोरांना खेळ कळला. एकानं नसलेल्या मिशीला पीळ दिला. दुसऱ्यानं वर पाहून आढी मोजायला घेतली. तिसरा खोकला. कोणी बोलेना.

"हा बर्फ," इंद्रभान म्हणाला.

"कुठी हाय?" उत्तमरावाचा पोरगा वाकून पाहू लागला.

"तुमच्या मधात बसला हाय. दिसत नाही. आता फोडा त्याले."

"दगड आणू का?"

"मी विचारतो, पाणीपाऊस कसा काय तुमच्याकडे?" मिशी पिळणारा पोरगा म्हणाला.

"चैतात पाऊस विचारते लेकाचा!" वर्ग हसला, मग पुन्हा चूप झाला. तेवढ्यात रामरावाची पुष्पा उठली. हिंमतरावांच्या भावकीतली पोर. म्हणाली, "असं नसते. आधी पाणी द्या लागते. पाणी देल्याबिगर पाव्हण्याले गाव विचारत नसतेत."

"बरोबर," इंद्रभान म्हणाला. "मंग दे."

तो सहज म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं. पितळी तांब्या रिकामा होता. वर्गात पाणी एकाच ठिकाणी होतं.

पुष्पा कोपऱ्यापर्यंत गेली आणि माठापाशी उभी राहिली. तिनं एकदा हिंमतरावांकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडलेलं होतं, पण साहेब समोर बसले होते. बाहेर कुठंतरी होला घुमत होता. पुष्पानं खाली वाकून फडकं बाजूला केलं. वर्गात वाळ्याचा वास सुटला. पेला भरून तिनं तो समोरच्या रांगेतल्या उत्तमरावाच्या पोराला दिला.

त्यानं पेला हातात धरला. तहान खरीच लागलेली होती. तो एका दमात प्यायला, बाहीनं तोंड पुसलं आणि सोयरिकीतल्या मामाच्या थाटात मोठ्यानं म्हणाला, "पाणी गोड हाय हो पाव्हणे तुमच्या गावचं!"

वर्ग फुटला. सगळे एकदम बोलू लागले, कोणी हुंड्याचं, कोणी बैलाचं, कोणी नवरीच्या उंचीचं. "फुटला, फुटला!" म्हणून कोणीतरी ओरडलं.

"मलाही दे गं," साहेब म्हणाले. प्यायले. दुसरा पेला मागितला. तो पिताना त्यांची नजर फळ्यावर होती. नुसतं "हं" म्हणाले.

मग पुष्पानं पेला पुन्हा भरला आणि खेळाच्या भरातच हिंमतरावांपुढं धरला. "घ्या नं, मोठेबाबा."

हिंमतरावांनी पेला घेतला. कितीतरी वेळ पाण्याकडे पाहिलं. मग थोडं तळहातावर ओतून डोळ्यांना लावलं, मानेला लावलं. प्यायले नाहीत. उरलेला पेला सांडू न देता हळूच खाली ठेवला आणि म्हणाले, "ऊन लई हाय." आणि थोड्या वेळानं, "इंद्रभान, ते फळ्यावरचं तेवढं नीट कर."

त्या हाकेला 'इंद्रभान्या'चं शेपूट नव्हतं. वर्गानं ऐकलं, निवृत्ती गुरुजींनी ऐकलं.

इंद्रभाननं 'कोल्ड' पुसलं आणि 'वॉर्म' लिहिलं.

"आता गरम झालं नं, गुरुजी?" पुष्पानं विचारलं. त्या शाळेत त्याला गुरुजी म्हणणारी ती पहिली.

"ते इंग्रजीपुरतं. इंग्रजी आपल्या घरी आलेली पाव्हणी हाय. तिले तिच्या सवयीचं द्या लागते," तो म्हणाला. "पाणी मात्र आपल्या सवयीचं."

जाताना दमणीत चढता चढता साहेब निवृत्ती गुरुजींना म्हणाले, "जूनपासून वर्ग सुरू करा. आणखी माणूस शोधत बसू नका."

इंद्रभान मास्तर त्या शाळेत केस पांढरे होईपर्यंत शिकवत होते. म्हण सांगायची झाली की आधी डोळे मिटायचे, आणि सगळा वर्ग त्यांच्यासोबत डोळे मिटायचा. बाहेरून जाणाऱ्याला वाटायचं, शाळा झोपली. कोपऱ्यात दर चैत्रात जनकाबाईचा माठ असायचा. हिंमतराव वर्षातून एकदा समितीच्या कामानं यायचे, ऊन लई हाय म्हणायचे आणि तोंडावर पाणी मारून जायचे.

पुढं हिंमतरावांची नजर गेली. एका चैत्रात काठी टेकत ते एकटेच आले आणि शाळेच्या ओसरीवर बसले. आत वर्ग डोळे मिटून बसला होता. मास्तरांनी तो तसाच राहू दिला, पेला भरला आणि ओसरीवर जाऊन त्यांच्या हाताला लावला. कोण आहे, हिंमतरावांनी विचारलं नाही. वाळ्याचा वास घेतला, पेला तोंडाला लावला आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

"थंड हाय, मास्तर," ते म्हणाले.